बायकोचं जुनं पेन्शन विरुद्ध माझा पीएफचा गठ्ठा: वापरून बघितल्यानंतरचा रिव्ह्यू

आमच्या घरात रिटायर माणसं दोन आणि रिटायरमेंटची मॉडेलंही दोन. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, नोव्हेंबर २००५ च्या कितीतरी आधी लागलेली, म्हणजे जुनं पेन्शन, २०१९ ला ५८ पूर्ण झाले आणि सुटली. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला, २०२१ ला ५८ झाले, पीएफ ग्रॅच्युइटी घेऊन घरी. शेवटच्या काही वर्षांत माझा पगार तिच्याइतका होता, ओव्हरटाईम धरला तर थोडा जास्तच. आज महिन्याच्या शेवटी निवांत कोण असतं ते विचारू नका.

सोसायटीत कट्ट्यावर हा वाद रोज असतो, पेन्शन भारी का स्वतःची बचत भारी, आणि ज्यांना पेन्शन आहे ते पेन्शनच्या बाजूने आणि ज्यांना नाही ते म्हणतात आम्हाला गठ्ठा मिळाला, आमचे पैसे आमच्या हातात, सरकारच्या तोंडाकडे बघायला नको. माझ्या घरात दोन्ही प्रॉडक्ट चालू आहेत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

आधी बाईंचं पेन्शन. (गावात तिला सगळे बाईच म्हणतात, आता मीपण म्हणतो.) सोपं जावं म्हणून गोल आकडे घेतो. मूळ पेन्शन म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मं, धरा ३२,०००. त्यातलं ४० टक्के तिने विकलं, म्हणजे अंशराशीकरण केलं, १२,८०० महिन्याचे गेले आणि बारा-तेरा लाख एकरकमी आले, त्यात मुलीचं लग्न आणि फ्लॅटचं उरलेलं लोन मिटलं. म्हणजे हातात मूळ १९,२०० राहिले. पण गंमत अशी की महागाई भत्ता मिळतो तो विकलेला भाग धरून, पूर्ण ३२,००० वर. २०१९ ला भत्ता १२ टक्के होता तेव्हा हातात २३,००० च्या आसपास यायचे. २०२५ च्या ५५ टक्क्यांनी हिशोब करा, १७,६०० नुसता भत्ता, म्हणजे हातात ३६,८००. सहा वर्षांत २३ चे जवळजवळ ३७ झाले आणि त्यासाठी तिने काय केलं तर काहीही नाही, एक फॉर्म नाही, एक एफडी मोडली नाही, पेपरात व्याजदर वाचले नाहीत. १५ वर्षं झाली की विकलेले १२,८०० पण परत चालू होणार, म्हणजे २०३४ ला अजून एक बढती.

अंशराशीकरण करावं का नाही यावर लोक फार भांडतात. मी हिशोब केला तर ते स्वतःच्याच पेन्शनवर साडेआठ टक्क्यांच्या वरच्या दराने घेतलेलं कर्ज आहे, १५ वर्षं हप्ता. पण असं कर्ज की मधेच माणूस गेलं तर बाकी माफ, आणि फॅमिली पेन्शन ठरतं ते विकण्याच्या आधीच्या आकड्यावर. होम लोन चालू असेल तर विका, नुसतं एफडीत टाकायला विकू नका, एवढंच माझं मत.

आता हे पेन्शन बाजारात विकत घ्यायला गेलं तर किती पडेल? विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि आयुष्यभर ठरलेली रक्कम घ्यायची, त्याला अ‍ॅन्युइटी म्हणतात. वर्षाचे ४,४१,६०० होतात. विमा कंपनीच्या अ‍ॅन्युइटीचा साडेसहा टक्के दर धरला तर ६८ लाख टाकावे लागतील, आणि ते पण न वाढणाऱ्या ३६,८०० साठी. दरवर्षी भत्त्यासारखं वाढणारं पेन्शन तर दुकानात सहसा मिळत नाही, माझ्या माहितीत तरी कुठलीच कंपनी महागाईशी बांधलेली अ‍ॅन्युइटी विकत नाही. जी वाढते ती फिक्स ३ टक्के वगैरेने, त्याचं पुढे सांगतो. म्हणून कुणी म्हणालं ना की मास्तर लोकांना काय, पगार कमी असतो, तर त्याला हा ६८ लाखांचा आकडा सांगत जा.

तक्रारी आहेत. पैसे एक तारखेला येतील असं काही नाही, कधी ५ ला, कधी १०-१२ ला, कधी त्याच्याही पुढे, आणि का लेट झालं ते पंचायत समितीत कुणालाच माहीत नसतं, "वरून ग्रँट आली नाही" हे एक वाक्य पाठ. भत्ता वाढला की केंद्राचं आधी होतं, राज्याचा जीआर काही महिन्यांनी निघतो, थकबाकीची वाट बघायची. कोविडमध्ये केंद्राने भत्ता १८ महिने गोठवला होता तेव्हा आमच्याकडेही चुळबुळ होती. पण उशिरा येणारे पैसे आणि न येणारे पैसे यात फरक आहे. आणि हो, हे फुकट नाही, राज्याच्या तिजोरीतून जातं, म्हणजे ज्या पोराला स्वतःला पेन्शन नाही त्याच्या टॅक्समधून पण जातं. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना ते बंद केलं ते याच कारणाने आणि मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले ते पण याच कारणाने, दोन्ही बाजूंना आकडा बरोबर कळलेला आहे. आता केंद्राची युनिफाईड पेन्शन स्कीम एप्रिल २०२५ पासून आली, २५ वर्षं सर्व्हिस असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के, राज्यानेही ऑगस्ट २०२४ मध्ये ती स्वीकारायचं ठरवलं. जुन्याएवढी नाही पण तळ आहे.

बाईंच्या पेन्शनला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो लेट होण्याबद्दल.

आता माझं. माझं पण एक पेन्शन आहे बरं का, ईपीएस-९५, म्हणजे पीएफ ऑफिसकडून कंपनीच्या कामगारांना मिळतं ते. हसू नका, महिना ३,६०० च्या आसपास. लोकांना वाटतं पीएफ ऑफिस पैसे खातं म्हणून एवढं कमी येतं, तसं नाहीये, सूत्रच तसं आहे. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात पण ते पूर्ण पगारावर नाही, १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे तुम्ही साठ हजार कमवा नाहीतर लाख, महिन्याला १,२५० च्या वर जात नाहीत. सप्टेंबर २०१४ च्या आधी ही मर्यादा ६,५०० होती आणि तेव्हाची सर्व्हिस त्या ६,५०० वरच मोजतात. मग पेन्शनपात्र पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले ७०. बसा मोजत. १५,००० वर पूर्ण ३५ वर्षं मोजली तरी ७,५०० येतात. भत्ता नाही, वाढ नाही, २०२१ ला जे लागलं तेच आज, आणि मी गेल्यावर बायकोला निम्मं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० आहे, आजही १,०००. बुलढाण्याला पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं साखळी उपोषण करतायत, मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता. ३,६०० मध्ये आमचं लाईट बिल, गॅस, दोघांचे मोबाईल आणि दूध सुद्धा पूर्ण होत नाही. याला पाचपैकी एक. तो एक पण एवढ्यासाठी की जानेवारी २०२५ पासून नवीन सिस्टीम आल्यावर कुठल्याही बँकेत कुठल्याही ब्रँचला जमा होतं, आणि हयातीचा दाखला वर्षात कधीही दिला तरी चालतो, दिल्यापासून १२ महिने.

दाखल्याचं आता मोबाईलवर होतं. आमच्याकडे नोव्हेंबरात हा कार्यक्रम असतो. आधी ज्याचा फोन त्याचा चेहरा, मग पेन्शनरचा चेहरा, अ‍ॅप म्हणतं डोळे मिचकवा. बाई डोळे मिचकवतात तर अ‍ॅप म्हणतं उजेड कमी आहे, बाल्कनीत नेलं तर म्हणतं उजेड जास्त आहे, चष्मा काढा, चेहरा गोलात आणा, आणि शेजारचे जोशी वरून विचारतात काय फोटो सेशन चाललंय का. शेवटी हिरवी टिक आली की एसएमएस येतो आणि सरकारदरबारी आपण अजून वर्षभर जिवंत. बँकेत रांगेत उभं राहण्यापेक्षा लाख पटीने बरं, हे मान्य.

ईपीएसमध्येच एक प्रकरण झालं जे या सगळ्या वादाचं खरं उदाहरण आहे, म्हणून जरा थांबतो. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्यांचा पीएफ पूर्ण पगारावर कापला जात होता त्यांना पेन्शनही पूर्ण पगारावर घेता येईल, पण त्यासाठी इतक्या वर्षांचा फरक व्याजासकट पेन्शन फंडात परत भरायचा. अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. म्हणजे साध्या मराठीत प्रश्न असा होता, गठ्ठा ठेवता का पेन्शन घेता? आमच्या बॅचचे लोक एक्सेल शीट घेऊन चहाच्या टपरीवर बसायचे. माझं तर कंपनीच्या पीएफ ट्रस्टच्या नियमात अडकलं, अर्ज नामंजूर, विषय संपला. पण माझ्या एका मित्राला, तो दुसऱ्या कंपनीत होता, डिमांड लेटर आलं, नऊ लाखांच्या आसपास भरा, पेन्शन साडेतीन हजारावरून पंधराच्या वर जाईल. घरी रणकंदन. पोरगा म्हणतो बाबा नऊ लाख परत देऊ नका, सरकारचा काय भरोसा, नियम बदलतील, आणि तुम्ही दोघं गेल्यावर आम्हाला काय, शून्य. पोराचं शेवटचं वाक्य खरं आहे, त्या पैशाला वारस नाही. पण हिशोब बघा, महिन्याचे साडेअकरा हजार जास्त, वर्षाचे १,३८,०००, म्हणजे साडेसहा वर्षांत नऊ लाख वसूल, आणि मागची थकबाकी वेगळी. कुठली अ‍ॅन्युइटी नऊ लाखांवर वर्षाला पंधरा टक्के देते? मी त्याला म्हणलं डोळे झाकून भर. त्याने भरले. दुसऱ्या एकाने नाही भरले, त्याला शुगर, बायपास झालेली, तो म्हणाला मी साडेसहा वर्षं काढीन का नाही माहीत नाही, आणि मला वाटतं त्याचंही बरोबर होतं. पेन्शन म्हणजे शेवटी आपण किती जगणार यावर लावलेली पैज आहे, तब्येत आणि घरचा इतिहास बघूनच लावावी.

आता गठ्ठ्याकडे. सगळ्यात पहिले सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम, एससीएसएस. ५५ ते ६० मध्ये रिटायर झालात तरी उघडता येतं, फक्त पैसे रिटायरमेंटचे असावे लागतात. २०२१ ला दर ७.४ आणि लिमिट १५ लाख, तेवढे टाकले, तिमाहीला २७,७५०. मग २०२३ च्या बजेटमध्ये लिमिट ३० लाख झालं आणि एप्रिलपासून दर ८.२, तेव्हा दुसरे १५ लाख टाकले, त्याचे तिमाहीला ३०,७५०. एकूण ५८,५००, महिन्याला साडेएकोणीस हजार. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला खात्यात येतात, टायमिंगमध्ये घड्याळासारखं, याबाबतीत बाईंच्या पेन्शनच्या पुढे. सरकारची हमी, दर पाच वर्षं लॉक. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ६.५ वरून ५.२५ पर्यंत खाली आणला, एफडीवाले हळहळत बसले, आमच्या ८.२ ला कुणी हात लावला नाही.

पण हेच लॉक उलट पण बसतं. २०२३ ला ८.२ झाले तरी माझ्या जुन्या १५ लाखांना ७.४ च. मोडून परत टाकायचं तर एक ते दोन वर्षांच्या मधे दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. आणि पैसे तीन महिन्यांनी येतात, त्याची सवय लागायला वेळ गेला, पहिल्या महिन्यात माणूस श्रीमंत, तिसऱ्या महिन्यात बायकोकडे उसने. म्हणून थोडे पोस्टाच्या मंथली इन्कमला ठेवले, ७.४ टक्के, सिंगल खात्यात ९ लाखांची मर्यादा, ९ लाखांवर महिना ५,५५० येतात. माझे तेवढे नाहीत, पण कळतं ना, दोन खिडक्या दोन पासबुकं.

मुख्य तक्रार मात्र अशी की साडेएकोणीस हजार हे साडेएकोणीसच राहणार. बाईंचे तेवीसचे सदतीस होताना माझे जसे होते तसेच. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी. म्हणजे चौऱ्याहत्तरीत माझे साडेएकोणीस हे आजचे दहा हजार. व्याज सगळं खाल्लं तर मुद्दल आकड्यात शाबूत राहतं आणि किमतीत झिजतं, आणि हे झिजणं पासबुकात कुठेच दिसत नाही. टॅक्समध्ये पण फरक, तिच्या पेन्शनला नवीन पद्धतीत ७५,००० ची स्टँडर्ड वजावट मिळते, माझ्या व्याजाला नाही. आमच्यासारख्यांना १२ लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही म्हणून चालून जातं, ज्यांचा गठ्ठा मोठा त्यांनी बघावं. एससीएसएसला चार.

अ‍ॅन्युइटीबद्दल. हे प्रॉडक्ट मी घेतलं नाही, मोठ्या भावाने घेतलं, पण एजंट माझ्याकडे पण आला होता आणि मी त्याला दोन चहा पाजून पूर्ण चौकशी केली. एलआयसीच्या जीवन अक्षयमध्ये दहा ऑप्शन आहेत, ए पासून जे पर्यंत. एजंट पहिले कुठलं दाखवतो, तर एफ नाहीतर जे, म्हणजे जिवंत असेपर्यंत पेन्शन आणि मग मुद्दल वारसाला परत. ऐकायला गोड. "काका, लाईफटाईम गॅरंटी, आणि पैसे पण पोरांना." त्याने डायरीच्या मागच्या पानावर आकडा लिहिला, १० लाखांवर साडेसहाच्या आसपास, महिन्याचे साधारण ५,४००. मी म्हणलं अहो पोस्टात ९ लाखांवर ५,५५० मिळतात आणि पाच वर्षांनी पैसे माझ्या हातात परत. तो म्हणाला काका, पोस्टाचा दर उद्या चार टक्के झाला तर? हा प्रश्न मात्र त्याचा बरोबर होता. आज ज्यांना ८.२ मिळतोय त्यांना तो कायम मिळेल असं वाटतं, आयुष्यभराचा दर बांधून देणारं दुसरं काही बाजारात नाहीये. प्रधानमंत्री वय वंदना ही पेन्शन योजना होती, दहा वर्षांची, ती ३१ मार्च २०२३ ला बंद झाली.

मग मी विचारलं की मुद्दल परत नको, नुसतं पेन्शन, ऑप्शन ए, त्याचा दर किती? तेव्हा त्याचा चेहरा पडला. मुद्दल परत नको म्हणलं की दर चांगलाच वर जातो, आणि वय जास्त तर अजून वर, साठीला जो दर त्याच्यापेक्षा सत्तरीला बराच जास्त, कारण कंपनीला कमी वर्षं द्यायचं असतं. खरी अ‍ॅन्युइटी हीच आहे, बाकी सगळं एफडीला लावलेलं झालर. आपल्याकडे कुणी घेत नाही कारण "मी गेलो तर पैसे बुडाले" ही भीती, आणि पोरांचे चेहरे. अहो पण तुम्ही गेल्यावर तुम्हाला पैसे कशाला लागणार आहेत, प्रॉब्लेम तर न जाण्याचा आहे, नव्वदीपर्यंत राहिलात तर काय खाणार. 'जी' नावाचं ऑप्शन आहे, त्यातलं पेन्शन दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतं, पण सरळ ३ टक्के, म्हणजे पहिल्या रकमेच्या ३ टक्के, चक्रवाढ नाही, आणि सुरुवात खालून होते.

भावाने ६० व्या वर्षी मुद्दल परतवाली घेतली. आता दर महिन्याला ठरलेली रक्कम येते, तो खूष आहे, कुणी काही विचारलं की म्हणतो माझं काय, माझं सेट आहे. मी त्याला बोलत नाही काही. पण साठीला, एससीएसएस रिकामं असताना, पोस्ट रिकामं असताना अ‍ॅन्युइटी घेणं मला पटत नाही. या प्रॉडक्टला साठीला दोन, सत्तरीला साडेतीन.

एनपीएस, म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टीम, माझ्याकडे नाही, पुतण्याकडे आहे म्हणून एकच गोष्ट सांगतो. लोक त्याला पेन्शन म्हणतात पण ते पण गठ्ठाच, बाहेर पडताना त्यातल्या एका हिश्श्याची अ‍ॅन्युइटी घ्यायची सक्ती. तो हिस्सा ४० टक्के होता, डिसेंबर २०२५ मध्ये बिगर सरकारी लोकांसाठी २० वर आणला. लोक नाचले. मला वाटतं ज्यांना दुसरं काहीच पेन्शन नाही त्यांनी जरा जपून नाचावं, ८० टक्के हातात आले की पहिला फोन बिल्डरचा येतो.

म्युच्युअल फंडाचं एसडब्ल्यूपी, म्हणजे दर महिन्याला थोडे युनिट विकून ठरलेली रक्कम काढणं, पटकन. महागाईला पुरून उरेल असं गठ्ठ्यात हेच एक आहे, हे मान्य. पण टायमिंग. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला, जानेवारीत चाळीसच्या वर होता. जानेवारीत रिटायर होऊन ज्याने सगळे इक्विटीत टाकून एसडब्ल्यूपी चालू केलं त्याला पडलेल्या भावात युनिट विकून किराणा भरावा लागला. नंतर मार्केट वर आलं, खरंय, पण विकलेले युनिट वर येत नाहीत. मी गठ्ठ्यातला छोटा भाग ठेवलाय, त्याला पाच-सात वर्षं हात लावायचा नाही अशा बोलीवर. साडेतीन.

आणि पतसंस्था. यावर मला स्टार द्यायचेच नाहीत. ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त, दहा टक्के, अकरा टक्के, एजंट घरी येऊन चेक नेतो, दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणतो. सहकारी बँकेत निदान ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेत तो पण नाही. पुण्यात रुपी बँकेचं काय झालं ते आठवा, २०१३ पासून निर्बंध आणि २०२२ ला लायसन गेलं, मधली वर्षं म्हाताऱ्या माणसांनी स्वतःच्या पैशासाठी अर्ज करत काढली. पेन्शनवाल्याच्या आयुष्यात हा प्रकारच नसतो. त्याला फसवायचं तरी एका महिन्याच्या पैशाचं फसवता येतं. गठ्ठेवाल्याचा एक निर्णय चुकला की वीस वर्षं गेली.

माझ्या मते दोन्हीतला खरा फरक दराचा नाहीच, इथे आहे. मला दर काही महिन्यांनी काहीतरी ठरवावं लागतं, कुठलं मॅच्युअर झालं, कुठे टाकू, बँकेने व्याजावर टॅक्स कापू नये म्हणून १५ एच फॉर्म भरला का, नॉमिनी कोण, आणि आज वयाच्या बासष्टीत मला ते जमतं, मजा पण येते, एक्सेल शीट आहे माझी रंगीबेरंगी. ऐंशीत जमेल का? माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षं सही जुळत नव्हती म्हणून बँकेत किती त्रास झाला ते बघितलंय. बाईंना ऐंशीत काहीच ठरवायचं नाहीये, डोळे मिचकवायचे फक्त.

उलट बाजू पण सांगतो नाहीतर म्हणाल बायकोची बाजू घेतो. मागच्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेमने कापून कापून दिले, वरचे दीड लाख लगेच लागले. ते पेन्शनमधून आले नसते, पेन्शनला ओंजळ नसते, ते माझ्या एफडीतून आले. तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचा गठ्ठा उपयोगाला आला बाई एकदाचा." मी ते ऐकून ठेवलंय.

तर आमच्या घरात आता असं चाललंय की किराणा, भाजी, लाईट, मेंटेनन्स, औषधं हे रोजचं सगळं तिच्या पेन्शनमधून, आणि माझं व्याज म्हणजे मेडिक्लेमचा प्रीमियम, घराची डागडुजी, लग्नकार्य, नातवाचं काहीबाही, आणि उरलं तर परत टाकायचं, म्हणजे झिजणं थोडं तरी भरून निघतं. ज्या घरात दोघांनाही जुनं पेन्शन नाही त्यांना मी सांगीन की आधी महिन्याचा न टाळता येणारा खर्च काढा, कागदावर, हॉटेल आणि ट्रिप सोडून. तेवढी रक्कम एससीएसएस आणि पोस्टातून येते का बघा. येत असेल तर वरच्यातलं थोडं वाढणाऱ्या गोष्टीत. येत नसेल तर मुलांना फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला पैसे देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. ईपीएसवर अवलंबून राहू नका, ते मोबाईल रिचार्जसाठी धरा.

माझं जुनं एससीएसएस २०२६ मध्ये मॅच्युअर होतंय. तीन वर्षं वाढवून घ्यायचं ठरवलंय, मॅच्युरिटीच्या दिवशी जो दर असेल तो लागतो, वर्षाच्या आत अर्ज दिला की चालतं, आणि आता एकदाच नाही तर पुन्हा पुन्हा तीन-तीन वर्षं वाढवता येतं. सत्तरी आली की त्यातला काही भाग जॉइंट अ‍ॅन्युइटीत, मी गेलो तरी तिला शंभर टक्के चालू राहील अशी, मुद्दल परत नको. पोराला सांगून झालंय, तो हो म्हणाला, सून काही बोलली नाही. आणि एक, एससीएसएस उघडताना जॉइंट उघडा, ते फक्त नवरा-बायकोलाच उघडता येतं, एक गेला तरी दुसऱ्याला खातं तसंच पुढे चालवता येतं. पोस्टात काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही, फॉर्मवर एक चौकोन असतो, तिथे टिक करायची.